"सर, ते सैनिक पण बौद्धच ना?"

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वाचनवर्ग भरतो. वंदना झाली की तासभर पुस्तक. मागच्या पावसाळ्यात मी मिताली पर्किन्स यांची 'बांबू पीपल' ही २०१० सालची इंग्रजी किशोर कादंबरी मराठीतून सांगायला घेतली. गोष्ट ब्रह्मदेशातली, म्हणजे आजच्या म्यानमारची. चिको हा बर्मी मुलगा. त्याच्या डॉक्टर बापाला सरकारने तुरुंगात टाकलेले. शिक्षकाची नोकरी मिळेल म्हणून चिको जातो आणि लष्कर त्याला जबरदस्तीने सैनिक करते. दुसरा मुलगा तू रे, कारेन्नी जमातीचा. त्याचे घर बर्मी सैनिकांनी जाळलेले, कुटुंब निर्वासितांच्या छावणीत. सुरुंगाने जखमी झालेला चिको एक दिवस याच तू रेच्या समोर येतो. आता याला वाचवायचे की मरू द्यायचे?

मुले गप्प झाली. मग आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, घरे जाळणारे ते सैनिक पण बौद्धच ना?"

मी म्हणालो, "पुढच्या रविवारी बोलू." खरे सांगायचे तर मी पळ काढला.

ब्रह्मदेश आपल्याला परका नाही. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीर मूळचे त्याच देशातल्या अराकानचे. आमच्या विहारात श्वेडगॉन पॅगोडाचा फोटो लावलेला आहे. मुलांना आम्ही तो सोनेरी कळस दाखवतो आणि तिथेच थांबतो.

पण त्या अराकानला आज राखाइन म्हणतात. तिथल्या बहुसंख्य रोहिंग्या मुसलमानांना १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्याच भूमीत परके करून टाकले. ऑगस्ट २०१७ पासून लष्कराने गावे जाळली आणि सात लाखांहून जास्त माणसे बांगलादेशात पळाली. विराथूसारखा चीवरधारी त्याआधी कित्येक वर्षे मुसलमानांविरुद्ध विष पेरत होता. हेही खरे की २००७ मध्ये हजारो भिक्खू याच लष्कराविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. मुलांना दोन्ही सांगायला हवे. एकच बाजू सांगितली तर तो प्रचार होतो.

मी हे बोलून दाखवले तेव्हा विहारातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "आपल्यावर टपलेले लोक काय कमी आहेत? त्यांच्या हाती कोलीत कशाला देता?" काकांची भीती खोटी नाही. आपली बदनामी करायला लोक निमित्तच शोधत असतात. पण काका, शाळेच्या पुस्तकात जातीचे सत्य झाकून ठेवतात म्हणून आपणच ओरडतो ना? मग आपल्या धम्मबांधवांचे पाप झाकायचे आणि त्याला संस्कार म्हणायचे, हे कसे चालेल? आपल्या घरात शिजते ते लपवायचे असेल तर दुसऱ्याच्या चुलीकडे बोट दाखवायचा अधिकार आपल्याला कुठून येणार?

उत्तर मला बाबासाहेबांच्याच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सापडले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडतात. शाक्य संघ बहुमताने युद्धाचा ठराव करतो. सिद्धार्थ आपल्याच लोकांच्या विरोधात उभा राहतो, आणि त्याची किंमत म्हणून घर सोडतो. ही गोष्ट आमच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. म्हणजे उत्तर मुलांकडे होतेच, घाबरलो होतो मी.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला सांगितले, "हो बाळा, त्यातले बहुतेक बौद्धच होते. आणि ते चुकले." ती म्हणाली, "मग सिद्धार्थ तिथे असता तर तू रेच्याच बाजूने बोलला असता." मला यापेक्षा जास्त काही शिकवायचे नव्हते.

सध्या आम्ही झाना फ्रेलन यांचे २०१६ सालचे 'द बोन स्पॅरो' वाचतोय. त्यातला सुभी हा रोहिंग्या मुलगा ऑस्ट्रेलियातल्या बंदिस्त छावणीतच जन्मलेला आहे. कुंपणाबाहेरून जिमी नावाची मुलगी येते. तिला धड वाचता येत नाही. आपल्या मेलेल्या आईची वही ती सुभीकडून वाचून घेते. ज्याला देश नाही तो वाचून दाखवतो आणि जिला देश आहे ती ऐकते. अक्षर नाकारले गेलेल्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगावे लागत नाही.

बांधवांनो, विहारातल्या कपाटात चरित्रे ठेवा, वंदनेची पुस्तके ठेवा. त्यांच्या शेजारी अशी दोन-चार पुस्तकेही ठेवा. मराठीत मिळत नसतील तर आपल्यातले जे इंग्रजी शिकले आहेत त्यांनी ती मुलांना मराठीतून सांगावीत. आणि मुलांनी अवघड प्रश्न विचारला तर माझ्यासारखे पुढच्या रविवारवर ढकलू नका.

जय भीम, नमो बुद्धाय.