डेटाबेस कुठला?

ओपन सोर्स म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे लोक घेणारच. दोन वर्षांपूर्वी मी हे अगदी मनापासून मानत होतो.

भोसरी एमआयडीसीतला एक छोटा कारखाना. मालक बाबांचे मित्र, म्हणून मी त्यांना काकाच म्हणतो. स्टॉक एक्सेलमध्ये, हिशोब टॅलीत, आणि दोन्हींचा मेळ घालायला महिनाअखेरीची मारामारी. ऑफिसनंतर पंधरा दिवस खपून मी ओडूची कम्युनिटी आवृत्ती त्यांच्या मालासकट उभी करून दाखवली. काका एकदम खूश! मग त्यांच्याकडचे कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ, वय पंचावन्नच्या आसपास, त्यांनी विचारलं, "डेटाबेस कुठला?"

"पोस्टग्रेस."

"एसक्यूएल सर्व्हरवर नाही चालणार?"

नाहीच चालत. ओडूला पोस्टग्रेसच लागतो. मी लायसन्स फी वाचते वगैरे भाषण सुरू केलं. ते शांतपणे म्हणाले, "रविवारी रात्री बंद पडलं तर तू येशील का रे?"

मी गप्प.

त्यांच्या हजेरीचा डेटा एसक्यूएल सर्व्हरवर, बॅकअप तिथलाच, काकांना रोज सकाळी हवे असलेले एक्सेल रिपोर्टही तिथूनच ओढलेले. मी त्यांना फुकटची वस्तू देत नव्हतो, त्यांची वीस वर्षांची सवय मोडायला सांगत होतो.

कॉलेजात असताना मी कॉम्पिएरेला हसायचो. हे जुनं ओपन सोर्स ईआरपी. कोड मोफत, पण चालायला ओरॅकल हवा! म्हणजे बैल फुकट आणि चाऱ्याचं बिल वेगळं. ओरॅकलची मोफत एक्सप्रेस आवृत्ती आली, पण 10जी मध्ये तिला 4 जीबी डेटाची मर्यादा होती. 2006 मध्ये कॉम्पिएरेतून आडेम्पिएरे फुटून निघालं. भांडण मुख्यतः कारभाराचं होतं, पण पोस्टग्रेसवर चालतं हे छोट्या धंद्यांसाठी त्याचं मोठं आकर्षण ठरलं. आता वाटतं, ओरॅकलमुळे छोट्यांना दार बंद झालं हे खरंच, पण ज्यांच्याकडे ओरॅकलचा माणूस आधीच पगारावर होता, त्यांना त्याच ओरॅकलने धीरही दिला असणार. (त्याच कुळातलं आयडेम्पिएरे दोन्हींवर चालतं, ते उगाच नाही.)

असो. काकांनी तेव्हा माझं काही घेतलं नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या शनिवारी परत गेलो. या वेळी डेमो नाही. एका कागदावर मराठीत बॅकअप आणि रिस्टोअरच्या पायऱ्या लिहून नेल्या, गृहस्थांना जुन्या मशीनवर बसवलं आणि मी हात मागे बांधून उभा राहिलो. पहिल्यांदा रिस्टोअर अडलं, युजरच बनवला नव्हता, ती पायरी मीच कागदावर लिहायला विसरलो होतो. त्यांनी पेनाने ती स्वतः घातली. दुसऱ्यांदा झालं. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

काका अजून हो म्हणालेले नाहीत.