चार बोटं जास्त

८ डिसेंबर २०२४, भूम

बार्शीच्या फ्रेमवाल्याने अकराशे पन्नास सांगितले. पट्टी फुटाच्या भावाने, काच वेगळी, आतली मखमल वेगळी. भावाचं काही वाटलं नाही, चांगली पट्टी महागच असते. पण कापड बसवणार कसं, असं विचारलं तर म्हणाला, "प्लायवर गोंद लावून दाबतो ताई, सुरकुती म्हणून येत नाही." कापड पिशवीत घातलं आणि भूमची एसटी धरली.

गोंदाने चिकटवलेलं कापड सुटत नाही. आज ते सपाट दिसतं. काही वर्षांनी गोंद पिवळा, कडक होतो आणि डाग पुढच्या बाजूने उमटतो. तोवर धुण्याची सोय गेलेली असते. फ्रेम घरीच करायची. पैसे कमी आहेत म्हणून तर आहेच, पण नुसतं तेवढं कारण नाही.

चित्र येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाचं आहे. पिवळट केसमेंटवर उभी ज्वारी, मधून वाट, वाटेवर डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेतलेली बाई. ताटं साखळी टाक्याची, पानं गहू टाक्याची आणि कणसं सगळी गाठीच्या टाक्याची. दोऱ्याच्या लडीत आठ मीटर धागा असतो, त्याला सहा पदर. ताटांना दोन पदर घेतले, दाण्यांना तीन. दाणा हाताला लागला पाहिजे, हा हट्ट होता.

११ डिसेंबर

धुतलं. आधी बाईच्या लुगड्याच्या लाल धाग्यावर ओला पांढरा चिंधूक दाबून पाहिला. रंग उतरला नाही, तेव्हा गार पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवून ठेवलं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. दिसायला कापड स्वच्छच होतं, पण महिनोन्‌महिने हातात होतं. घामाचा, तेलाचा हात आज दिसत नाही, पुढे तपकिरी होऊन दिसतो. रिंगणाचा गोल वळही पाण्यात गेला.

टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं, सावलीत आडवं वाळवलं. इस्त्री उलट्या बाजूने, खाली घडी घातलेला जाड टॉवेल. गाठी टॉवेलात रुततात, चेपत नाहीत.

आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. "काय करलालीस गं? पांघरायचं हाय का नेसायचं?"

"भिंतीवर लावायचं."

"भितीवर?" म्हणाल्या, आणि गेल्या. त्यांच्या वाकळा मी वापरते. टाका इतका सारखा की मोजपट्टी ठेवावी. एकही वाकळ कधी कुणी भिंतीवर लावली नाही, हे खरं. रुखवतात मांडलेलंही संध्याकाळी ट्रंकेत जातं.

१५ डिसेंबर

फ्रेमसाठी माळा उपसला. लग्नांच्या आहेरातल्या गणपतीच्या चार-पाच फ्रेमा निघाल्या, त्यांतल्या दोन कोऱ्या, कागदातसुद्धा. मापाला चांगल्या होत्या. पण देवाला काढून आपलं भरतकाम बसवायचं म्हटल्यावर आत्याबाईंनी कानावर हात ठेवले. वाद घालण्यासारखी गोष्ट नव्हती.

मामंजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची सन्मानपत्रं बैठकीत ओळीने आहेत. वर्तमानपत्र खाली न ठेवताच म्हणाले, "त्या शेवटच्या मानपत्रात माझं नाव चुकवलंय. ती फ्रेम घे."

जुनी सागवानी पट्टी, आतून बारा बाय पंधरा इंच. मागचे खिळे पकडीने काढले आणि जे निघालं ते बघण्यासारखं होतं. मानपत्राच्या मागे थेट लाकडी फळ्या, मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद. वर्तमानपत्र तपकिरी होऊन चुरत होतं, आणि मानपत्राच्या पाठीवर फळ्यांच्या फटी आणि लाकडाची एक गाठ जशीच्या तशी उमटली होती. लाकडातलं आणि स्वस्त कागदातलं आम्ल शेजारच्या कागदात, कापडात असं झिरपत राहतं. समोरून पट्टी कितीही चकचकीत असो, खराबी मागून येते. म्हणून पैसे घालायचे ते मागच्या बाजूला. पट्टी जुनी चालते.

मानपत्र मामंजींनी वहीत ठेवलं. नाव पेनाने दुरुस्त करून.

२२ डिसेंबर

आज खरं काम झालं. आम्लमुक्त बोर्ड इथे मिळत नाही. पुण्याहून मागवायचा तर बोर्डापेक्षा कुरिअर जड. म्हणून जाड पुठ्ठा घेतला, चारी बाजूंनी फ्रेमच्या आतल्या मापापेक्षा किंचित लहान कापला. कापडाची जाडी धरावी लागते. त्यावर पोळ्या गुंडाळायचा फॉइल दोन्हीकडून चढवला. धातूच्या पत्र्यातून आम्ल पुढे जात नाही. फॉइलवर मामंजींच्या जुन्या धोतराची दुहेरी घडी. शेकडो वेळा धुतलेलं सुती कापड, खळ नाही, नीळ नाही. दुकानात याहून चांगलं अस्तर मिळायचं नाही.

मग टाचण्या. आधी चारी बाजूंचे मध्य, पुठ्ठ्याच्या जाडीत टोचून. मग मध्यापासून कोपऱ्यांकडे, एकदा या बाजूला, एकदा समोरच्या. कोपऱ्यापासून सुरुवात केली की कापड तिरकं ओढलं जातं आणि ज्वारी वाऱ्यात असल्यासारखी कलते. कडेला कापडाचा एक धागा नजरेत धरायचा आणि तो पुठ्ठ्याच्या धारेवरून हलू द्यायचा नाही.

टाचण्या लागल्यावर पालथं घातलं. जाड सुती दोरा ओवून मागच्या दुमडी एकमेकींना बांधत गेले, डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली. आईने शिकवलं होतं, चौकटीचं कापड चारी बाजूंना चार बोटं जास्त घ्यावं. ती चार बोटं इथे लागतात. कमी कापड असेल तर कडेला दुसऱ्या सुती कापडाची पट्टी जोडून घ्यावी.

आत्याबाई आता खाली बसून बघत होत्या. दोरा एका टोकापासून घट्ट करत न्यायला लागले तसा त्यांनी माझा हात बाजूला केला. "बाजंची नवार वढल्यावानी वढ. एकदम न्हाई. थोडी थोडी, फिरून फिरून." आणि स्वतःच ओढत बसल्या. मी टाचण्या काढत गेले. पृष्ठभाग ताठ, पण ताणलेला नाही. कधी वाटलं तर कात्रीने दोरा कापावा, कापड जसं होतं तसं हातात येईल.

३० डिसेंबर, माहेरी, औसा तालुका

येळवस. रानात कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. लिहिण्याइतकी जाग नाही.

एक मात्र लिहून ठेवते. माहेरच्या देवघरात सरस्वतीची जुनी छापील तसबीर आहे, रविवर्म्याच्या चित्राची. त्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं घरोघर पोचली. घरोघरच्या बायांनी त्यांवर सुई चालवली, लुगड्यांना जर, टिकल्या, मणी शिवले आणि मग काच लावली. आमच्या सरस्वतीच्या पदराला खरी जर आहे. म्हणजे आपल्याकडे बाईचा टाका भिंतीवर होता, देवीच्या अंगावर का होईना.

पण काच थेट चित्रावर टेकलेली. पावसाळ्यातली ओल मध्ये अडकून कागद काचेला चिकटलाय; वीणेजवळचा रंग काचेवर आहे. उघडायला गेलं तर जाईल. उघडलं नाही.

४ जानेवारी २०२५

काच लावू नये असंही एक मत आहे. टाका उघडा दिसतो, हात फिरवता येतो. भूममध्ये ते शक्य नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला खव्याची भट्टी. लाकडाचा धूर आणि दुधाचा तुपट वास वर्षभर. बैठकीतल्या पंख्यावर बोट फिरवलं की कळतं कापडावर काय बसणार ते.

तेव्हा काच हवी, पण गाठींना न टेकणारी. काच टेकली की दाणे चेपले आणि ओलही कोंडली. फ्रेमच्या खाचेत, काचेमागे, चारी कडांना माऊंट बोर्डाच्या बारीक पट्ट्या एकावर एक लावल्या, पाव इंच उंचीच्या. पट्टी पट्टीला गोंदाने जोडली. कापडाला गोंद लागत नाही, मग हरकत नाही. पट्ट्या फ्रेमच्या ओठाआड लपतात. जुनीच काच ओल्या कागदाने पुसून दिवसभर वाळू दिली.

एवढ्याने खाच भरून पुठ्ठा मागे थोडा बाहेर आला. येणारच, खाच कागदासाठी केलेली होती. खिळे ठोकून बसला नसता, म्हणून पत्र्याच्या छोट्या पट्ट्या वाकवून स्क्रूने धरल्या. त्यावर खाकी कागद, धूळ आणि किडे आत जाऊ नयेत म्हणून. कागदावर पेन्सिलीने माझं नाव, भूम, २०२४ आणि धाग्यांचे नंबर. कधी एखादी गाठ सुटली तर तोच हिरवा शोधत बसायला नको. हे नंबर आत्ताच लिहायचे, लडीचा कागद हरवतोच.

माऊंट बोर्ड, स्क्रू, कडी, तार, खाकी कागद मिळून अडीचशेच्या आत.

७ जानेवारी

जागा ठरवायला फ्रेम करण्याइतकी चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं दारासमोर, आल्या-आल्या दिसेल. तिथे तिसऱ्या प्रहरी ऊन येतं. वस्तुसंग्रहालयात कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. खोलीतला साधा दिवाही त्याहून जास्त होतो, उन्हाचं तर विचारूच नका. लाल आधी उडतो. न्हाणीची सामाईक भिंत बाद, तिला लोणा लागलेला. उरली मधल्या खोलीतली उत्तरेची भिंत. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून शर्टाची बटणं लावली, भिंत आणि पाठ यांच्यात हवा खेळावी म्हणून.

१९ जानेवारी

हळदीकुंकू. वाण म्हणून सुयांची पाकिटं दिली. बायका मधल्या खोलीत बसल्या, बघितलं, "केवढ्याला घेतलं?" असं दोघींनी विचारलं. आत्याबाईंनी उत्तर दिलं: "मागची शिवण माजी हाय." ती कुणाला दिसत नव्हती.

जाताना तांड्यावरच्या एक ताई थांबल्या. त्यांच्याकडे आईच्या हातची फेटिया, बंजारा घागरा, आहे, म्हणजे तिचा एक तुकडा; आरसे, कवड्या, जाड लोकर. तसं लावता येईल का? येईल, पण माझ्या पद्धतीने नाही. वजनाने मागचा दोरा ढिला पडेल आणि कापड खाली ओघळेल. आधी सबंध तुकडा आतल्या सुती कापडावर, मूळ टाक्यांच्या मधूनमधून, बारीक टाक्यांनी शिवून घ्यायचा, भार वाटला जाईल असा. आणि कवडीच्या उंचीला खाच किमान पाऊण इंच. एवढी खोल पट्टी जुन्या फ्रेमेत मिळणार नाही. सुताराला विचारते. त्यांना सांगितलं, तोवर तुकडा घडी घालून ठेवू नका, पांढऱ्या कापडात गुंडाळी करून ठेवा.