अठाईचा जमाखर्च



चातुर्मास बसला की मोबाइलवर तोच निरोप पुन्हा फिरू लागतो: जपानी शास्त्रज्ञाने उपवासाचे महत्त्व सिद्ध केले, नोबेल मिळाले! योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले हे खरे. पण त्यांनी अभ्यास केला तो यीस्टच्या पेशींचा. उपाशी ठेवलेली पेशी आपल्यातलाच जुना माल मोडून पुन्हा कशी वापरते, हे त्यांनी शोधले. आपल्या अठाईचा त्यात काही संबंध नाही, आणि आपल्या तपाला त्या शिक्क्याची गरजही नाही. तप कर्मनिर्जरेसाठी असते. पण ते करायचे याच शरीराने, म्हणून आठ दिवस हे शरीर कशावर चालते ते करणारीला आणि तिच्या घरच्यांना माहीत असायला हवे.

यंदा हा विषय आमच्या घरातच निघाला. माझी धाकटी जाऊ अठ्ठावन्न वर्षांची. बारा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या चालू आहेत. पंचवटीतून पूल ओलांडून रोज व्याख्यानाला चालत जाते. तिला अठाई करायची होती. म्हणाली, "भाभी, खाणेच बंद तर साखर वाढेल कुठून? गोळीपण बंद. हिशोब बरोबर." मी बी.कॉम. झालेली. हिशोब म्हटल्यावर मला गप्प बसवत नाही.

पोळीतला पिष्टाचा भाग तोंडातच लाळेने फुटू लागतो. मग पोटात दोन-चार तास घुसळण, आणि लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस. शेवटी पोळीचे ग्लुकोज होते, डाळीची अमिनो आम्ले, तुपाची स्निग्धाम्ले. अंगातल्या सगळ्या रक्तात एका वेळी ग्लुकोज असते किती? जेमतेम ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. ही गल्ल्यातली रोकड. एकटा मेंदूच दिवसाला १०० ग्रॅमच्या वर मागतो. आपण नुसते पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत यांचा खर्च थांबत नाही. दिवसाच्या एकूण खर्चातला साठ-सत्तर टक्के वाटा तोच.

रोकड संपली की यकृतातले चालू खाते. तिथे साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. स्नायूंमध्ये तीन-चारशे ग्रॅम असते, पण ते स्नायू स्वतःपुरतेच वापरतात, रक्तात सोडत नाहीत. आपल्या तांदळाच्या डब्यातल्या पैशांसारखे! चौविहारापासून नवकारसीपर्यंत आपण रोज या चालू खात्यावरच जगतो. उपवासाचा पहिला दिवस-रात्र सरता सरता ते रिकामे होत येते. ग्लायकोजेनबरोबर त्याच्या तिप्पट पाणी साठवलेले असते, तेही जाते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत काट्यावर दिसणारी घट बरीचशी पाण्याची. ती बघून खूश होऊ नका.

मग मोडते मुदत ठेव, म्हणजे चरबी. एका किलोत सात हजारांवर कॅलरी. ठेव मोठी, पण मेंदूला हवे ग्लुकोज, आणि चरबीतून ते फारच थोडे निघते. ते यकृत स्नायूंतल्या प्रथिनांतून बनवते. हे घरातली भांडी मोडीत काढण्यासारखे. दोन-तीन दिवसांत यकृत चरबीपासून पुरेसे कीटोन बनवू लागते, मेंदू त्यावर भागवायला शिकतो आणि भांडी मोडणे कमी होते. तेल्याचा तिसरा दिवस जड जातो आणि पुढे सोपे होते, असे तपस्वी सांगतात ते या बदलाच्या दिवसांतले. तोंडाला गोडसर वास येतो तो कीटोनचाच. (आणि निम्म्या जणींचे डोके चहा सुटल्याने दुखते, हेही लिहून ठेवा.)

हा सगळा व्यवहार इन्सुलिन नावाचा मुनीम सांभाळतो. जाऊबाईंचा हिशोब चुकतो तो इथे. काही गोळ्या खाणे असो-नसो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्या घेऊन उपवास केला तर साखर धोकादायक खाली जाते. सगळ्याच बंद केल्या तर यकृत बिनहिशोबी ग्लुकोज बनवत राहते आणि न खाताही साखर चढू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांवर तर कीटोन इतके साचू शकतात की रक्त आम्ल होते, आणि बोटावरच्या यंत्रात साखर जवळपास ठीकच दिसते.

निरोगी बाईलाही पारण्याला जपावे लागते. पाच दिवसांहून जास्त उपवासानंतर एकदम गोडधोड पोटात गेले की इन्सुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम ओढून पेशींत नेते. रक्तात ते कमी पडले की हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांना पोटभर जेवू घातल्यावर काही दगावले, तेव्हा डॉक्टरांच्या हे लक्षात आले. मुगाचे पाणी थोडे थोडे देणाऱ्या आपल्या आजींना फॉस्फेट ठाऊक नव्हते, पण हात बरोबर होता. हल्ली पारण्याला नातेवाईक रांगेने पेढे भरवतात. ते थांबवायला घरातल्या कोणी तरी वाईटपणा घ्यावा.

मुलांचे मी वेगळे सांगते. २०१६ मध्येच हैदराबादकडे आपल्याच समाजातली तेरा वर्षांची मुलगी ६८ दिवसांच्या उपवासानंतर गेली. त्या वयात मुदत ठेव असते किती? आणि वाढीचा खर्च त्यातूनच. कौतुकाची मिरवणूक काढण्याआधी एवढे तरी विचारावे.

जाऊबाई दोन दिवस बोलली नाही. मग मी तिला बाह्य तपाचे सहा प्रकार मोजून दाखवले. अनशन त्यातले पहिले, एकुलते नव्हे. पुढे ऊणोदरी आहे, रसत्याग आहे. डॉक्टरांना विचारून, गोळीचे प्रमाण बदलून घेऊन, तिने महासतीजींकडे आठ दिवस ऊणोदरी आणि वर्षभर गोडाच्या त्यागाचे पच्चक्खाण घेतले. बारा वर्षे डॉक्टर गोड सोडा म्हणत होते, तेव्हा ऐकले नाही ते नाहीच.

अठाई समोरच्या घरातली सून करते आहे. तिच्या पारण्याचे मूग आमच्याकडून जाणार आहेत, आणि ते पाणी गाळून द्यायचे काम जाऊबाईने मागून घेतले आहे.