डावा पाय मारला की

स्मरणिकेसाठी शाळेतील एखादी आठवण लिहावी, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा सत्कार-समारंभांच्या आधी आम्हांस आठवली ती एका नव्या सायकलीची कटकट.

वसई स्थानकावरील रिक्षांच्या रांगेला कंटाळून आम्ही एक साधी काळी सायकल घेतली होती. त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात सोपाऱ्याच्या स्तूपाविषयी सांगितले : 1882 सालचे पंडित भगवानलाल इंद्रजींचे उत्खनन, दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकातील भिक्षापात्राचे तुकडे. वसतिगृहातील एका मुलाने रविवारी ते स्थळ पाहण्यासाठी सायकल मागितली. आम्ही आनंदाने दिली.

परत आली ती 'कट्, कट्' वाजत. साऱ्या मुलांदेखत आम्ही विचारले, "कुठे आपटलीस?"

"आपटली नाही, सर. डावा पाय मारला की वाजते."

आम्हांस ती सबब वाटली. यापुढे सायकल मिळणार नाही, हेही तिथेच सुनावले.

मग आम्ही शोधास लागलो. पाय थांबवून सायकल नुसती सोडली की आवाज बंद; म्हणजे चाके निर्दोष. साखळीची कडी आखडली असेल, तर ती पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला वाजणार नाही, कारण साखळीचा पूर्ण वळसा व्हायला दोनाहून अधिक फेरे लागतात. इथे तर फेऱ्यागणिक एक ठोका. चेनकव्हर घासते का, म्हणून मध्ये कागद सरकवला. तो सहज गेला. अखेरीस एकेका पायाने चालवून पाहिले. उजव्याने शांत, डाव्याने कट्! इतिहासात एम. ए. करताना साक्षीपुरावा पारखायला शिकलो होतो. समोर उभा असलेला एकमेव साक्षीदार मात्र ऐकलाच नव्हता.

रस्त्याकडेच्या वृद्ध मिस्त्रींनी उजवा क्रँक धरून डावा हलवला. केसभर हलला. कॉटर पिन ठोकून बाहेर काढली, तर तिच्या सपाट बाजूवर घासल्याची चकचकीत खूण. दुकानात सायकल जोडताना पिन पुरती बसवलीच नव्हती, नुसता नट आवळला होता. "अशीच चालवली असती तर क्रँकचं भोकच मोठं झालं असतं," मिस्त्री म्हणाले. नवी पिन हातोडीने बसवून त्यांनी नट आवळला आणि चार दिवसांनी पुन्हा आवळून न्यायला बजावले.

त्या संध्याकाळी वंदनेनंतर, ज्यांच्यादेखत आरोप केला होता त्यांच्यादेखतच, आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. तो मान खाली घालून उभा राहिला. सगळे पांगल्यावर जवळ आला.

"सर, स्तूप नीट पाहिलाच नाही. आवाज यायला लागला म्हणून लगेच फिरलो. येत्या रविवारी सायकल मिळेल?"