आधी आई दाखवा

आपल्याकडे बहुतेक जण वाड्यांच्या, शाळेच्या, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या आठवणी लिहितात, आणि मी त्या आवडीने वाचते. आज मी आमच्या इंदूरची जरा वेगळी आठवण लिहितेय. कुत्र्यांची आहे. ज्यांना कुत्री आवडत नाहीत त्यांनीही वाचावी अशी विनंती, कारण आमच्या घरात ती कुत्र्यांपेक्षा बाळंतपणाची गोष्ट म्हणूनच लक्षात राहिली आहे.

२०१९ चा नोव्हेंबर. दिवाळी नुकतीच झालेली. शहराबाहेर एका शेतावर जातिवंत कुत्र्यांची पिल्लं विकणारा एक माणूस होता. त्याचं नाव लिहीत नाही, असे धंदे सगळीकडे आहेत. मोबाइलवर हिरवळीवर बसलेल्या गोंडस पिल्लांचे फोटो, आणि प्रत्यक्षात शेताच्या टोकाला पत्र्याची शेड. गिऱ्हाइकाला शेडपर्यंत कधी नेतच नसत, पिल्लू फाटकावर आणून देत. शेजारच्या शेतकऱ्याने वासाला कंटाळून तक्रार केली. पोलीस आणि पशुवैद्य आले. नोंदणी नव्हतीच. धंदा बंद करतो आणि कुत्री सोडून देतो, असं त्या माणसाने लिहून दिलं.

वर्तमानपत्रात आलं असतं तर बातमी इथेच संपली असती. पण ३१ कुत्री त्या रात्री जाणार कुठे?

माझी लेक तेव्हा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. तिच्या ओळखीच्या दहा-बारा जणांचा एक गट होता. संस्था वगैरे काही नाही, व्हॉट्सॲपवरची मंडळी. बँकेत नोकरी करणारी एक मुलगी, कॉलेजची तीन पोरं, एक निवृत्त प्राध्यापक, आणि स्वतःची लोडिंग रिक्षा असलेले एक भिया, ज्यांनी त्या आठवड्यात एक पैसा भाडं घेतलं नाही. लेक म्हणाली, "आई, आपली व्हॅन घेऊन चल, आणि घरातल्या सगळ्या जुन्या चादरी आण." म्हणून मी गेले.

शेडमध्ये शिरताना डोळ्यांतून पाणी आलं, ते रडू नव्हतं. मुताच्या वाफेने डोळे झोंबत होते. दोन रांगांत तारेचे पिंजरे, जमिनीपासून हातभर वर, घाण खाली पडावी म्हणून तळालाही जाळीच. वर्षानुवर्षं जाळीवर उभं राहून कुत्र्यांच्या पंजांची बोटं फाकली होती. नखं वाढून आत वळलेली. एका शी-त्झूच्या अंगावर केसांच्या इतक्या जटा, की तोंड कुठलं आणि शेपटी कुठली ते कळेना. पग माद्यांच्या पोटावर टाक्यांच्या खुणा. पगची डोकी मोठी, त्यामुळे पुष्कळदा सिझेरियन करावं लागतं. २००३ च्या सुमारास टीव्हीवर मोबाइलच्या जाहिरातीत तो पग आला, तेव्हा आपण सगळ्यांनीच 'किती गोड' म्हटलं होतं. आणि माळव्याच्या ४३ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दोन हस्की.

मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? भुंकणं नव्हतं. ३१ कुत्री आणि आवाज नाही. काही जणी एकाच जागी गोल गोल फिरत होत्या, बाकीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

शेडच्या खिळ्याला एक वही लटकत होती. पिंजऱ्याचा नंबर, नर कधी दाखवला ती तारीख, किती पिल्लं झाली, किती विकली, किती रुपये आले. कुत्रीची गर्भावस्था साधारण ६३ दिवसांची, माज वर्षातून दोनदा. त्याने एकही पाळी फुकट घालवली नव्हती. गाडीत बसल्यावर लेकीने सांगितलं, की २०१७ पासून केंद्र सरकारचे श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांनंतर मादीला विण्याला लावायचं नाही. लागोपाठ वेत घ्यायची नाहीत, आणि आयुष्यात पाचांपेक्षा जास्त तर नाहीच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम चांगले आहेत. पण ती वही तपासायला शेडपर्यंत कुणी जायला हवं ना!

३१ पैकी आठ पिल्लं होती. दोन पार्वोने गेली. उरलेल्या सहांना बरी झाल्यावर चार दिवसांत घरं मिळाली, आणि तीही नीट पारखून. खरा प्रश्न पुढेच होता. १९ माद्या. फोन रोज पन्नास येत आणि प्रत्येकात तेच, "आंटी, बच्चा नहीं है क्या?" सात वर्षांची आहे म्हटलं की "अच्छा, बताते हैं" आणि फोन बंद. कुणी विचारायचं, कागद आहेत का? एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले, गोल्डन मादीला बघून फार कळवळले, आणि निघताना हळूच म्हणाले, "ऑपरेशन मत करवाइए, वो हम देख लेंगे." बँकेतल्या मुलीने त्यांना ओटल्यावरूनच नमस्कार केला. गटाचा नियम पक्का होता, की नसबंदी झाल्याशिवाय एकही कुत्री कुणाच्या हाती द्यायची नाही. नाहीतर एका शेडमधून काढून दुसऱ्या शेडमध्ये घातल्यासारखंच होतं.

घर बघायला आम्ही जोडीने जायचो. घर स्वतःचं की भाड्याचं, मल्टीत असेल तर शेजारी काय म्हणतात, दिवसभर घरी कोण असतं, घरातल्या सगळ्यांना हवी आहे की फक्त मुलाला. मला वाटायचं हे मुलगी बघायला गेल्यासारखंच झालं, फक्त इथे चौकशी मुलीकडचे करत होते.

तोपर्यंत त्या माद्यांना घराघरांत ठेवायचं होतं. आमच्या वाट्याला आली पिवळी लॅब्रेडॉर. वहीत तिचं नाव 'एल-४'. आठ वेत, ५४ पिल्लं. दातांवरून वय सातेक. पुढचे दात पिंजऱ्याची तार चावून झिजलेले.

आमच्या सासूबाई तेव्हा ८२ वर्षांच्या. घरात त्यांना सगळे आजीच म्हणतो. आमचं घराणं पाच पिढ्यांपूर्वी खानदेशातून इंदुरात आलेलं, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. आजींनी दारातच सांगून टाकलं, "मागच्या पडवीत ठेवा. देवघराचा उंबरा ओलांडलेला मला चालणार नाही."

उंबरा कुठला! तिला पडवीतून अंगणातही उतरता येईना. पायऱ्या तिने पाहिल्याच नव्हत्या. मातीवर पाय ठेवला की उचलून घ्यायची. कुकरची शिट्टी झाली की थरथर. ताटलीत पाणी ठेवलं तर बघत बसायची, आम्ही सगळे आत गेलो की मग प्यायची. पहिले नऊ दिवस तिने कुणाच्या समोर अन्नाला तोंड लावलं नाही. लेक म्हणाली, तिच्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त आसपास असायचं. नोकरी करणाऱ्या माणसांना हे कसं जमणार? आजींना जमलं. त्या दुपारी पडवीतल्या खुर्चीवर बसून पोथी वाचायच्या, मोठ्याने, एका सुरात, आणि नजर पोथीवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्री भिंतीकडे पाठ करून बसली. मग हातभर सरकली. पुढच्या आठवड्यात ती खुर्चीच्या पायाशी होती. नंतर कळलं, की घाबरलेल्या कुत्र्यांजवळ बसून मोठ्याने वाचायचा उपाय पुष्कळ निवाऱ्यांमध्ये मुद्दाम करतात. आजींनी तो उपाय म्हणून केलाच नव्हता.

एकदा त्यांनी मला विचारलं, "हिची किती बाळंतपणं झाली म्हणालीस?"

"आठ."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला सात झाली, चार जगली. पण प्रत्येक वेळी सव्वा महिना माझ्या सासूने मला उठू दिलं नव्हतं. डिंकाचे लाडू, शेक, तेल. हिला कुणी सव्वा दिवस तरी दिला का गं?"

लग्नाला तीस वर्षं झाली तरी ती गेलेली तीन बाळं मी आजींच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. माझ्या नवऱ्यालाही दोनच माहीत होती.

२ डिसेंबरला चंपाषष्ठी होती. आमच्याकडे तळी उचलतात, भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, म्हणून त्या दिवशी कुत्र्यालाही घास घालायची आपली जुनी रीत. दरवर्षी कुणीतरी गल्लीतल्या कुत्र्याला रोडगा टाकून यायचं. त्या वर्षी आजी स्वतः ताटली घेऊन पडवीत आल्या. लेकीने भरीत काढायला लावलं, कारण कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. आजी म्हणाल्या, "बरं, कोरडा रोडगा आणि तूप, बाळंतिणीला तेच चांगलं." खाली वाकता येत नव्हतं, तरी पायरीवर बसल्या आणि हात पुढे करून थांबल्या. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, आत आरतीला सगळे खोळंबले होते. शेवटी तिने मान लांब करून तो तुकडा हातातून घेतला. तेव्हापासून तिचं नाव चंपा.

त्यानंतर चंपासाठी घर शोधण्याची गोष्ट आमच्याकडे कुणी काढली नाही. देवघराच्या उंबऱ्याचा नियम मात्र शेवटपर्यंत राहिला. चंपा उंबऱ्याला नाक लावून बाहेर बसायची.

बाकीच्यांचं सगळंच असं गोड झालं नाही. नसबंदीसाठी पोट उघडलं तर दोघींच्या गर्भाशयात पू निघाला. त्यातली एक वाचली नाही. आणखी दोघी मूत्रपिंडं निकामी होऊन गेल्या. त्यांना आम्ही गादी आणि ऊन तेवढं देऊ शकलो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि उरलेल्यांची घरं बघणं थांबलं. त्याच काळात घरी बसलेल्या लोकांना पिल्लं हवी होती, आणि शाळा-ऑफिसं उघडल्यावर तीच वाढलेली कुत्री परत द्यायची होती. तेही फोन आम्हालाच. तरी शेवटी हिशेब असा झाला, की चारही नर आणि १३ माद्या नव्या घरी गेल्या आणि तीन गटातल्याच लोकांकडे राहिल्या. दोन्ही हस्की एका थंड गावी एकत्र गेल्या.

चंपाच्या स्तनांत गाठी झाल्या. वेळेवर नसबंदी न झालेल्या माद्यांत हे फार होतं. एक ऑपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टर नको म्हणाले. मार्च २०२२ मध्ये ती पडवीत झोपेत गेली. मी रडत होते. आजी बोटांवर काहीतरी मोजत होत्या. म्हणाल्या, "सव्वा महिना नाही, सव्वादोन वर्षं मिळाली हो तिला."

त्याच वर्षी सप्टेंबरात व्हर्जिनियातून भाच्याचा फोन आला. तिथे कंबरलंडला प्रयोगशाळांसाठी बीगल पैदा करणारं मोठं केंद्र न्यायालयीन कारवाईनंतर बंद झालं होतं, आणि जवळजवळ ४,००० बीगल दोन महिन्यांत देशभरच्या निवाऱ्यांमध्ये पोचवले गेले. त्याने तिथून पाच वर्षांची एक मादी घरी आणली होती. कानात नंबर गोंदलेला. म्हणाला, "मावशी, ही गवतावर पाय ठेवत नाही, जिना चढत नाही, समोर जेवत नाही. काय करू?" मी फोन आजींकडे दिला. त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे पोथी आहे का?" नव्हती. "मग वर्तमानपत्र वाच. पण मोठ्याने, आणि तिच्याकडे बघू नकोस."

मंडळी, आपल्या घरांतली मुलंही आता पिल्लू हवं म्हणून मागे लागतात. घेऊ नका असं मी म्हणणार नाही. निवाऱ्यातलं मोठं कुत्रं घेतलंत तर उत्तमच. पण विकत घेणार असाल तर फाटकावरून घेऊ नका, आणि फोटो बघून पैसे पाठवू नका. नोंदणीचा कागद मागा. पिल्लू आठ आठवड्यांचं झालंय का ते विचारा. आणि आधी आई दाखवा म्हणा. ती कुठे राहते, किती वेळा व्याली, तिचं वय काय, हे विचारा. ज्याच्याकडे लपवण्यासारखं नाही, तो अभिमानाने दाखवतो. 'आई गावाला आहे', 'आई आजारी आहे', 'आई चावते' अशी उत्तरं आली, तर तसेच माघारी या.

तुमच्यापैकी कुणी असं मोठं, वापरून टाकून दिलेलं कुत्रं सांभाळलं असेल, तर जरूर लिहा. आजी आता ८७ पूर्ण करतील. दिसत कमी आहे, म्हणून रोज दुपारी मी त्यांना वाचून दाखवते. तुमचंही वाचून दाखवीन.