मिठागरातले पाहुणे

विरारकडून लोकलने मुंबईला निघालात, तर वसईची खाडी ओलांडताच भाईंदर लागते. २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, घरांची दाटी झाली. तरी खाडीकाठी मिठागरे आणि खारफुटी अजून दिसतात. हिवाळ्यात जाल तर खिडकीजवळ बसा.

मिठागर म्हणजे खाऱ्या पाण्याची शेतीच. भरतीचे पाणी बांधाआड घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हाने आटवायचे. प्रत्येक वाफ्यात पाण्याची खोली वेगळी, म्हणून पाखरूही वेगळे. लांब पायांचा शेकाट्या पाण्यात उभा राहतो, तर छोटा तुतवार काठच्या चिखलात चोच खुपसतो. यांतले कितीतरी पक्षी हिमालयापलीकडून येतात.

ते कुठून येतात हे कळावे कसे? मुंबईच्या सालिम अलींनी ध्यास घेतला. जन्म १८९६ चा, आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. एका चिमणीच्या पिवळ्या गळ्याचे कोडे घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पाखरांचाच झाला. विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. मग बर्लिनला जाऊन ते काम शिकले. परतल्यावर नोकरी नव्हती, तर अलिबागजवळ किहीमला राहून सुगरणीच्या खोप्यांचा अभ्यास केला. पुढे १९५९ पासून सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून सोडले. त्यातली काही कडी दूर सायबेरियात सापडली, तेव्हा वाट उलगडली. आज पाठीवर छोटे यंत्र बांधून उपग्रहामार्फतही माग काढतात.

आपल्या घरी तळ्यावर बदके न्याहाळत बसणारे पोर असेल, तर त्याला रिकामटेकडे म्हणू नका. मात्र आता पदवीवाचून चालत नाही. बारावी विज्ञान, मग बी.एस्सी. आणि पुढे वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी., असा मार्ग आहे. डेहराडूनला १९८२ पासून भारतीय वन्यजीव संस्था आहे. पगाराची नोकरी लगेच मिळेल असे नाही. चिखलात उभे राहून पहाटे मोजणी करायची तयारी हवी. ती शेतकऱ्याच्या मुलाजवळ असतेच.

पण पाणथळ जागाच उरली नाही, तर अभ्यास कशाचा? भराव पडला की पाखरू जाते; खारफुटी तुटली की कोळंबीचे आणि माशांचे पाळणाघर जाते, काठ ढासळतो. शिवारात कडीवाला पक्षी मेलेला आढळला, तर क्रमांक, गाव आणि तारीख लिहून सोसायटीला कळवा. तेवढ्या एका पोस्टकार्डाने संशोधनाला हातभार लागतो.