कुर्ल्या आणि तिसऱ्या

आमच्या मालवणकडे कुर्ल्या, कोळंबी, तिसऱ्या, माकुल सगळं मासळीतच मोजतात. खरं तर यातलं एकही मासा नाही. पाठीचा कणा कुणालाच नाही, पण एवढं साम्य सोडलं तर ही दोन अगदी वेगळी घराणी. कुर्ली आणि कोळंबी हे संधिपाद, म्हणजे सांधेवाल्या पायांचे. विंचू, झुरळ, फुलपाखरू हे त्यांचे भाऊबंद. तिसऱ्या, कालवं, गोगलगाय हे मृदुकाय, मऊ अंगाचे. माकुलही त्यातलंच, फक्त त्याचं कवच अंगाच्या आत पातळ पट्टीएवढं उरलंय.

मला गंमत वाटते ती या कवचाचीच. कुर्लीचं कवच वाढत नाही, आतली कुर्ली वाढते. मग एक दिवस ते मागून उकलतं आणि ती मागच्या मागे सरकत बाहेर येते. नवं कवच मऊ असतं. ती पाणी घेऊन फुगते आणि कवच कडक होईपर्यंत कपारीत दडून राहते. बाजारात जाणती माणसं कुर्ली हातात तोलून घेतात ती यासाठीच. नुकतीच कात टाकलेली हलकी लागते, आत नुसतं पाणी. पण कात टाकण्याचा फायदाही आहे. तुटलेली नांगी त्यातूनच हळूहळू परत येते.

तिसरी कवच कधीच टाकत नाही. अंगाभोवतीचा पातळ पडदा कवचाच्या कडेला चुन्याचे थर चढवत जातो. शिंपल्यावरच्या रेघा ही तिची वाढ, आणि बिजागरीजवळचं टोक हे तिचं बाळपण. तडा गेला तर ती आतून लिंपते. व्रण राहतो, पण कवच तेच.

हे आत्ता का सुचलं ते घरच्यांना कळलं असेलच. आईला शहरात आणायचं की नाही, हा विषय गणपतीपासून चालू आहे. आम्ही भावंडं कुर्लीच्या जातीची. रत्नागिरी, पुणे, बंगळूर, दर बदलीला काही महिने मऊ, बावरलेले, मग पुन्हा टणक. मावशी म्हणेल, १९७१ साली लग्न करून सासरी आली तेव्हा तुझ्या आईनंही कात टाकलीच की! खरंय. पण तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्यानंतरचा प्रत्येक थर त्या घरात चढलाय. परसातली विहीर, बाबांची आरामखुर्ची, शेजारच्या काकूंची चारची हाक.

गोगलगाय शंखात नुसती राहत नाही. तिचं अंग स्नायूनं शंखाला जोडलेलं असतं. शंखातून ओढून काढली तर ती जगत नाही.

म्हणून माझं मत असं, की आईला हलवण्याआधी घराचे तडे लिंपूया. कौलं परतून घेऊ, न्हाणीघरात धरायला दांडा लावू, रात्री सोबतीला कुणीतरी बघू, आणि आम्ही आळीपाळीनं जाऊन राहू. अर्थात शेवटचा शब्द तिचाच. दिवाळीत सगळे जमतोय, तेव्हा आधी तिला विचारूया. तोवर तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.